थीटा, एप्सायलॉन, ओमिक्रॉन… : मिकिस थिओडोराकिसच्या आठवणी

सागरवाट

२९ जुलै २०२५ ला ग्रीक संगीतकार मिकिस थिओडोराकिसच्या जन्माला १०० वर्षं झाली. त्या दिवशीच लिहायचं मनात होतं, पण राहून गेलं. काल माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात माझं जुनं सीडीसी (खलाशाची नोंदवही), बॉयलर सूटवरचे दोन बिल्ले आणि ती कॅसेट निघाली. आता मात्र लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

१९८४ साली मी जुनियर इंजिनिअर म्हणून एका ग्रीक मालकाच्या बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या बोटीवर, जॉइन झालो. वय २३, घर रत्नागिरीच्या बाजूचं. आमच्या वाडीत बोटीवर जाणं कुणाला नवं नाही. पण मला ग्रीक भाषेचा गंध नव्हता, आणि आमचे चीफ इंजिनिअर कामापुरतं इंग्रजी बोलून बाकी वेळ गप्प असायचे. हिओस बेटाचे होते ते. त्या बेटावर घराघरात दर्यावर्दी. साठीला टेकलेले, जाड भुवयांचे, हाताला कायम डिझेलचा वास.

इंजिन कंट्रोल रूममध्ये त्यांचा एक टेपरेकॉर्डर होता, बोट हलली तरी हलू नये म्हणून पट्टीने बांधलेला. त्यावर एक कॅसेट सारखी वाजायची. मागे इंजिनाचा आवाज असा, की शब्द सोडा, सूरसुद्धा तुटक ऐकू यायचे. एका रात्री बारा ते चारच्या वॉचला (पाळीला) मी ती कॅसेट हातात घेतली. लेबलवर ग्रीक अक्षरं. भाषा येत नव्हती, पण अक्षरं सगळी ओळखीची! डिप्लोमाला समीकरणांत हीच तर गिरवली होती. मी एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेलो: थीटा, एप्सायलॉन, ओमिक्रॉन, डेल्टा, ओमेगा, रो, आल्फा, कप्पा, ईटा, सिग्मा. जोडून म्हटलं, ‘थिओडोराकिस’. चीफ मागे उभे होते, मला पत्ता नव्हता. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं.

मी उत्साहाने म्हटलं, “म्हणजे झोर्बावाले!” १९६४ च्या ‘झोर्बा द ग्रीक’ या सिनेमाची धून आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. हळू सुरू होते, मग वेग घेते, मग थांबवत नाही. चीफनी मान हलवली. म्हणाले, “ती जगाला दिली. ही आमच्यासाठी ठेवली.” आणि कॅसेट उलटी करून लावली.

त्या बाजूला ‘एपितॅफिओस’ होतं. पुढच्या कितीतरी वॉचमध्ये चीफनी मला त्याची गोष्ट तुकड्यातुकड्याने सांगितली. मे १९३६, थेस्सालोनिकी. तंबाखू कामगारांचा संप. पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण कामगार पडला, आणि रस्त्यात त्याच्या देहावर ओणवी होऊन रडणाऱ्या आईचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला. यानिस रित्सोस या कवीने तो फोटो पाहिला आणि त्या आईचा विलाप लिहिला. त्याच वर्षी हुकूमशाही आली आणि अथेन्समध्ये झ्यूसच्या देवळाच्या खांबांपाशी ते पुस्तक जाळलं. २२ वर्षांनी रित्सोसने त्याची प्रत पॅरिसला थिओडोराकिसकडे पाठवली. तो तेव्हा तिथे ओलिव्हिए मेसियां या फ्रेंच संगीतकाराकडे शिकत होता, सिंफनी आणि बॅले लिहीत होता. आणि या माणसाने त्या विलापाला चाल दिली ती कशावर? बुझुकीवर. दारूच्या गुत्त्यातलं, गांजेकसांचं म्हणून भल्या घरात ज्याला थारा नव्हता त्या वाद्यावर. १९६० मध्ये ती ध्वनिमुद्रिका आली तेव्हा ग्रीसमध्ये घराघरात भांडणं झाली म्हणे. चीफ तेव्हा पिरेअस बंदरात फिटर होते. म्हणाले, “आमच्या आयांचं रडणं आमच्याच वाद्यावर. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, पण ते आमचंच होतं.”

पुढच्या वर्षी बोट पेरामाला दुरुस्तीला लागली. पिरेअसच्या पलीकडे सगळा किनारा जहाजं दुरुस्त करणाऱ्या यार्डांचा. संध्याकाळी चीफ मला एका खानावळीत घेऊन गेले. कागद अंथरलेली टेबलं, तळलेले छोटे मासे, आणि वेल्डर, रंगारी, गॅसकटर यांची गर्दी. काहींच्या भुवयांत अजून गंजाची भुकटी. कोपऱ्यातल्या एकाने बुझुकी छेडली आणि सगळी खानावळ गायला लागली. आरडाओरडा नाही. सावकाश, एका सुरात, डोळे खाली घालून. चीफनी कानाशी लागून अर्थ सांगितला: लपलेला समुद्रकिनारा, कबुतरासारखा पांढरा, भर दुपारी तहान लागली, पण पाणी खारं निघालं, वाळूवर तिचं नाव लिहिलं, वारा आला आणि अक्षरं पुसली गेली.

मी विचारलं, हे लोकगीत का? तर म्हणाले, नाही, योर्गोस सेफेरिसची कविता. १९६३ चं नोबेल मिळालेला कवी.

मी त्या वेल्डरांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आपल्याकडे वारीत ज्ञानेश्वरांची ओवी म्हणणाऱ्या माणसाला आपण वाङ्मय म्हणतोय असं वाटत नाही, तसंच या लोकांचं होतं. पण ज्ञानेश्वरांना सातशे वर्षं मिळाली. थिओडोराकिसने हे दहा-पंधरा वर्षांत केलं, तेही कठीण, आधुनिक म्हणवल्या जाणाऱ्या कवितेच्या बाबतीत. माझ्या लेखी हेच त्याचं सगळ्यात मोठं काम.

आता कॅसेटबद्दल. २१ एप्रिल १९६७ ला ग्रीसमध्ये कर्नलांनी सत्ता घेतली. १ जूनला लष्कराचा हुकूम निघाला, क्रमांक १३: थिओडोराकिसचं संगीत वाजवायचं नाही, म्हणायचं नाही. ऑगस्टमध्ये त्याला पकडलं. तुरुंग, मग आर्केडियाच्या डोंगरात झातुना नावाच्या खेड्यात कुटुंबासह नजरकैद, मग ओरोपोसची छावणी. देशोदेशीच्या कलावंतांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे एप्रिल १९७० मध्ये त्याला पॅरिसला जाऊ दिलं. ही सात वर्षं चीफच्या घरातल्या तबकड्या पिठाच्या डब्यात होत्या. बायको रोज वरून पीठ काढायची. जुलै १९७४ मध्ये राजवट कोसळली, तेव्हा त्या बाहेर काढून पुसल्या आणि खिडकी उघडून लावल्या. माझ्याकडची कॅसेट त्याच तबकड्यांवरून उतरलेली. सुरुवातीला खरखर आहे, ती पिठाची असावी असं मला उगाच वाटतं.

साइन ऑफच्या, म्हणजे बोट सोडायच्या, आदल्या दिवशी चीफनी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून मला तिची प्रत करून दिली. तेव्हा असंच करायचे. नंतर आमची भेट नाही. १९९१ च्या नाताळला त्यांच्या मुलीचं कार्ड आलं, त्यात ते गेल्याचं कळलं.

कॅसेट आज लावायला घेतली तर बी बाजूच्या दुसऱ्या गाण्यात फीत अडकून तुटली. तुमच्यापैकी कुणाच्या थिओडोराकिसच्या आठवणी असतील तर सांगा. ऐकायच्या आहेत.

---

निळीशाई

काका, खानावळीचा परिच्छेद तीनदा वाचला.

त्या कवितेबद्दल एक भर घालते. शेवटच्या कडव्यात सेफेरिस म्हणतो, केवढ्या उमेदीने, केवढ्या आसक्तीने आम्ही आमचं आयुष्य घेतलं, मग एक विरामचिन्ह, मग ‘चूक!’, आणि मग, आम्ही आयुष्य बदललं. गाण्यात तो विराम गेला. चालीच्या ओघात ‘आयुष्य चुकीचं घेतलं’ असं एकसंध ऐकू येतं. कवीला ते खटकलं होतं. मी कविता शिकवते, त्यामुळे माझा जीव आधी त्या विरामचिन्हासाठी तुटतो. पण सप्टेंबर १९७१ मध्ये सेफेरिस गेला तेव्हा काय झालं पाहा. दोन वर्षांपूर्वी त्याने बीबीसीवरून राजवटीविरुद्ध निवेदन केलं होतं. अंत्ययात्रेला अथेन्सचे रस्ते भरले आणि लोकांनी हेच गाणं म्हणायला सुरुवात केली. चाल बंदी घातलेल्या माणसाची, शब्द शवपेटीतल्या माणसाचे. हजारो लोकांनी ते विराम न घेता म्हटलं.

कवीचं म्हणणं बरोबरच होतं. तरी ते गाणं तसंच राहू दे असं मला वाटतं.

---

मात्रा_नऊ

मी सतार वाजवतो. ग्रीक संगीताकडे वळलो तो तालामुळे.

झेइबेकिको हा त्यांचा नऊ मात्रांचा संथ ताल. त्यावर एकटा माणूस नाचतो, बाकीचे गुडघा टेकून टाळ्या देतात. मध्ये कुणी घुसायचं नाही, तो त्याचा आणि त्याच्या दुःखाचा वेळ. दुसरा हसापिको, चारचा, खांद्याला खांदा लावून नाचायचा. हा मुळात खाटकांचा नाच. ‘हसापिस’ हा शब्द तुर्की ‘कसाप’वरून आलेला, म्हणजे आपल्या ‘कसाब’, ‘कसाई’चाच भाऊबंद! झोर्बाच्या शेवटी जो नाच आहे, ज्याला जग सिर्ताकी म्हणतं, तो परंपरागत नव्हेच. संथ आणि जलद हसापिको जोडून सिनेमासाठी बसवलेला.

सुरांचंही तसंच. बुझुकीवाले रागासारख्या चौकटींना ‘द्रोमोस’ म्हणतात, म्हणजे रस्ता. नावं रास्त, हिजाझ, उशाक अशी. १९२२ नंतर स्मिर्नाकडून (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) आलेल्या निर्वासितांनी ही सगळी मिळकत सोबत आणली. हिजाझचे स्वर घ्या: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. बसंतमुखारी! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. थिओडोराकिसची आई याच आशिया मायनरच्या किनाऱ्यावरची, चेश्मेची. चेश्मेवरून हिओस समोर दिसतं. तो जन्मला हिओसलाच, बापाचं घर मात्र क्रीटचं.

‘एपितॅफिओस’मध्ये बुझुकी मानोलिस हिओतिसने वाजवली आहे. गायक ग्रिगोरिस बिथिकोत्सिस. त्या आवाजात कसलाही अलंकार नाही. उभा दगड जसा.

---

डॅन्यूबकाठ

मी १२ वर्षं ऑस्ट्रियात लिंझला आहे. इथून माउथहाउसेनची नाझी छळछावणी अर्ध्या तासावर. देशातून कुणी आलं की ते साल्झबुर्ग बघायला जातात. मी शक्य तर त्यांना एकदा इथे नेतो.

खाणीत उतरणाऱ्या १८६ पायऱ्या आहेत. कैद्यांना पाठीवर दगड घेऊन त्या चढाव्या लागत. याकोवोस कांबानेलिस हा ग्रीक लेखक इथून जिवंत सुटला. त्याच्या चार कवितांना थिओडोराकिसने १९६५ मध्ये चाली दिल्या. ती गाणारी मारिया फारांदुरी तेव्हा विशीचीही नव्हती. पहिल्या गाण्यात एक माणूस इतर कैदी मुलींना विचारत फिरतो: माझी सखी कुणी पाहिली का? रोजच्या झग्यात, केसांत फणी खोचलेली. तिचं रूप किती, कुणालाच माहीत नव्हतं.

दुसरं गाणं त्या पायऱ्यांवरचं आहे. थकलेल्या ज्यू कैद्याला शिपाई गोळी घालतो आणि आंतोनिसला सांगतो, आता दुप्पट दगड उचल. आंतोनिस उचलतो, आणखीही उचलतो, आणि शिपायाला आव्हान देतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा हे गाणं कानात लावून पायऱ्या चढेन असं ठरवलं होतं. तिसाव्या पायरीला बंद केलं. नुसत्या स्वतःच्या वजनाने मला दम लागला होता, आणि त्या आवाजासमोर ते बरं वाटेना. उरलेल्या गप्प चढलो. आता प्रत्येक वेळी तसंच करतो. गाणं घरी आल्यावर ऐकतो.

---

रोखठोक

सगळं वाचलं, भारावलोही. पण एक प्रश्न मनापासून विचारतो. आयुष्यभर डाव्या चळवळीत राहिलेला, मॅक्रोनिसोस बेटावर छळ सोसलेला, दोनदा जिवंत पुरला गेलेला हा माणूस १९९० मध्ये उजव्या पक्षाच्या सरकारात मंत्री झाला. माझ्यासारख्याला हे पचत नाही. चाहते म्हणून तुम्ही याकडे कसं बघता?

---

सागरवाट

रोखठोक, प्रश्न योग्य आहे. त्या साली मी दुसऱ्या एका बोटीवर होतो, तिथला ग्रीक बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) हुंदके देऊन रडला होता. ग्रीसमध्ये कित्येकांना ती गोष्ट घरातल्या माणसाने दगा द्यावा तशी लागली. मलाही ती पटलेली नाही, आणि ती झाकायची माझी इच्छा नाही. १९९२ मध्ये तो बाहेर पडला.

पण पुढचंही बघा. तुर्कस्तानशी मैत्री व्हावी म्हणून तुर्की गायक-संगीतकार झुल्फू लिवानेलीबरोबर त्याने काम केलं, तेही दोन्ही देशांत शिव्या खाऊन. आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, देशाच्या कर्जाच्या अटींविरुद्ध संसदेसमोर तो उभा राहिला आणि अश्रुधुरात सापडला. त्याला एका रंगाच्या खणात ठेवणं त्याच्या लोकांनाही जमलं नाही. तो बोसन नंतर तीच गाणी म्हणायचा, एवढं मी पाहिलं आहे. पहिले दोन-तीन महिने मात्र नाही.

---

पाहुणी_अथेन्सची

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं अथेन्सला होतो. २ सप्टेंबर २०२१ ची सकाळ. कोपऱ्यावरच्या बेकरीत मी रोज जायची. त्या दिवशी काउंटरवरच्या आजींनी पाव बांधून दिला, पैसे घेतले, आणि सुट्टे पैसे द्यायचे विसरून तशाच उभ्या राहिल्या. मागे रेडिओ चालू होता. मला थोडं ग्रीक कळायचं. ‘मिकिस’ एवढं कळलं. आडनाव कुणी घेतच नव्हतं. ९६ वर्षांचा होता, पण आजी म्हणाल्या, “फार लवकर गेला.”

देशात तीन दिवस दुखवटा होता. चर्चबाहेर दर्शनाला रांग होती. रांगेत एकजण हलकेच गुणगुणायला लागायचा, पुढचे उचलायचे, मग शांत. मग पुन्हा दुसरीकडून. नंतर त्याला पिरेअसहून बोटीने क्रीटला नेलं आणि हानियाजवळच्या गालाताला, वडिलांच्या गावी, पुरलं. त्याची तशीच इच्छा होती.

त्या आजींनी दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचे सुट्टे पैसे कागदात गुंडाळून दिले. तो कागद मी अजून ठेवला आहे.

---

फीतवाला

सागरवाट काका, तुमची कॅसेट कृपा करून सेलोटेपने चिकटवू नका! गोंद पाझरतो आणि हेड खराब होतं. मी पुण्यात जुन्या फिती डिजिटल करायचं काम करतो. कवच पाच स्क्रूचं असेल तर उघडता येईल, चिकटवलेलं असेल तर फीत दुसऱ्या कवचात घालू. तुटलेल्या जागी जोडपट्टी लावली की दोन-तीन मिलिमीटरच्या पलीकडे काही जाणार नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. पैसे नकोत, मला ती खरखर ऐकायची आहे.

---

सागरवाट

फीतवाला, देव तुमचं भलं करो. उद्याच कुरिअर करतो. डबीत कापूस घालून पाठवू ना?

---

फीतवाला

कापूस नको, तंतू आत जातात. मऊ कागद चालेल.

---

फीतवाला (बारा दिवसांनी)

काम झालं. दोन्ही बाजू मिळून ५८ मिनिटं. फीत बरी आहे, समुद्राच्या हवेतून आलेली असूनही. फाइल काकांना पाठवली.

मुद्दाम दोन गोष्टी सांगतो. सगळ्या गाण्यांखाली एक अखंड घुमणारा आवाज आहे. आधी वाटलं विजेची घरघर, ती काढून टाकता येते. मग लक्षात आलं की हा बोटीचा जनरेटर असणार. ठेवला. दुसरी गोष्ट, बी बाजूला तुटलेल्या जागेच्या जरा पुढे, गाणं चालू असताना दारावर दोन टकटक ऐकू येतात आणि एका माणसाचा आवाज, एकच शब्द. ‘एला’ असं काहीतरी. हे मूळ तबकडीवरचं नाही, प्रत करताना खोलीत झालेलं आहे. काढू का?

---

पाहुणी_अथेन्सची

‘एला’ म्हणजे ‘ये’. दार वाजलं की घरच्या माणसाला म्हणतात तसं.

---

सागरवाट

काढू नका.

रात्री हेडफोन लावून ऐकलं. त्या दिवशी चीफनी केबिनचं दार लावून घेतलं होतं आणि प्रत होईपर्यंत कुणी येऊ नये म्हणून मेसमनला बजावलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं. बंकरच्या साउंडिंगच्या (टाकीतलं इंधन मोजल्याच्या) वहीवर सही हवी होती, म्हणून गेलो. आत गेल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, सही केली, आणि हाताने खुर्ची दाखवली. उरलेली बाजू आम्ही दोघांनी न बोलता ऐकली. मेसमनने चहा दाराबाहेरच ठेवला.

ते दार मीच वाजवलं होतं.